आज्ञा आधीं कीं प्रीति आधीं ?

मूल खोटें बोलो अगर शेजारच्या परसांतलीं बोरें चोरो, आई लागलीच म्हणते, "थांब, देव रागावेल !" मातोश्रींची आम्ही क्षमा मागतों, पण देवाला असा बागुलबुवा करून मुलांपुढें उभा करणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

भीतीनें आज्ञा पाळली जात नाहीं असें नाहीं. वर्गांत मास्तर असेपर्यंत कशी सामसूम असते ! ते हेडमास्तरांच्या खोलीकडे वळले रे वळले, कीं पुढें काय होतें तें आमच्या बालवाचकांस सांगावयास नको.

पवित्र शास्त्राचा क्रम याच्या अगदीं उलट आहे. सीनाय पर्वतावर इस्राएल लोकांस दहा आज्ञा मिळाल्या, त्यांचा आरंभ निषेधानें होत नाहीं. मिसर देशाच्या दास्यांतून आपणच त्यांस सोडविलें, याची आठवण देव प्रथम देतो. आज्ञा मागाहून सांगतो. प्रभु येशूनेंही वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं शिष्यांचे पाय धुतले आणि त्यानंतर एकमेकांवर प्रीति करण्याची नवी आज्ञा दिली. उधळ्या पुत्राच्या दाखल्यांतील थोरला भाऊ पाहा. बापाची एकही आज्ञा आपण मोडली नाहीं असें तो अभिमानानें सांगतो. पण धाकटा घरीं परत आला तेव्हां तो रुसून दाराबाहेर उभा राहिला. घरांत राहूनही तो चाकरच राहिला होता.

हा फरक एकाच माणसाच्या आयुष्यांतही दिसतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. पुढें कित्येक वर्षें आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असें त्यांनीं स्वतःच मोकळेपणानें लिहून ठेवलें आहे. तो मिळाल्यावर मात्र त्यांचें आज्ञापालन निराळेंच झालें. १८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. तेथील उपाशी मुलींस वांचवावें ही प्रभूची आज्ञा आहे, अशी बाईंची खात्री झाली. हातीं पुरेसा पैसा नव्हता. पुण्यास शारदासदनाचा व्याप होताच. पण पूर्वीं दुष्काळांतच त्यांनीं आपले आईबाप व बहीण गमावलीं होतीं. भुकेची ती आग त्यांस ठाऊक होती. त्या गेल्या आणि शेंकडों मुलींच्या आई झाल्या. त्या मुलींस केडगांवच्या माळावर घर मिळालें.

कोणी म्हणतील, बाई मोठ्या विदुषी; आमच्या मुलांस हें कसें साधणार ? यांत विद्वत्तेचा संबंध आम्हांस दिसत नाहीं. मूल तापानें फणफणलेलें असतां आई रात्रभर उशाशीं बसते. बरें झाल्यावर तेंच मूल एके सकाळीं, कोणी न सांगतां, तिच्या हातांतली घागर घेऊन विहिरीकडे निघतें. त्या वेळीं तिनें त्याला कोणता धाक घातलेला असतो ?