नवरीची हळद आणि फोटोतला उजेड

लग्नसराई जवळ आली की वधूसाठीच्या 'टिपा' छापून येऊ लागतात. फाउंडेशन कोणते घ्यावे, अंबाडा किती उंच बांधावा, गजरा कसा माळला म्हणजे फोटोत उठून दिसतो. हे लेखन वाङ्मयबाह्य, म्हणून त्याकडे पाहू नये, असे आमच्या बऱ्याच व्यवसायबंधूंचे मत आहे. ते आम्हांला मान्य नाही. शिरूर-दौंडकडच्या ज्या मुलींना आम्ही मराठी शिकवतो, त्या नेमलेली कादंबरी परीक्षेपुरती वाचतात; हे मात्र मन लावून वाचतात.

या लेखनात चेहरा म्हणजे दोषांचा साठा. रंग 'दबलेला', नाक 'बसके', कपाळ 'मोठे'; आणि क्रियापदे कोणती, तर झाकणे, लपवणे, उजळवणे. त्यांतला 'उजळ' हा शब्द फार लबाड आहे. सावळी, काळीसावळी, गव्हाळ, निमगोरी अशा छटा ज्या भाषेने जपल्या, तिच्यात आता उजळ आणि अनुजळ एवढेच उरले आहे. 'गोरी' म्हणायची लाज वाटू लागली, तेव्हा 'उजळ' कामाला आला. 1975 साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने 2020 मध्ये नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला, तसेच हे.

यावर ठरलेला बचाव असा, की दोष कॅमेऱ्याचा आहे. सावळा रंग फोटोत काळा येतो. हे अर्धसत्य आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईतले रंग जुळवायला कोडॅक प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र नमुना म्हणून पुरवी. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तो नमुना मानल्यावर बाकीचे चेहरे बिघडणारच. पण फिल्म गेली. आजचा कॅमेरा सावळा चेहरा उत्तम टिपतो, फक्त उजेड आणि एक्स्पोजर त्या चेहऱ्याकडे पाहून ठरवावे लागते. त्याऐवजी दिवे मंडपासाठी एकदाच लावले जातात आणि चेहराच त्यांना जुळवून रंगवला जातो. गंमत अशी, की सनस्क्रीन असलेल्या प्रसाधनांतले टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड फ्लॅशचा प्रकाश परतवतात. मग चेहरा राखेसारखा पांढुरका आणि मान, हात आपल्या मूळ रंगाचे. जबड्याच्या रेषेवर, दिवसाच्या उजेडात छटा जुळवून पाहावी आणि फ्लॅश मारून एक फोटो आधीच काढावा, हे पार्लर चालवणाऱ्या बायकांना चांगले ठाऊक असते. त्यांच्यावर आमचा राग नाही. 'नवरी उजळ दिसू द्या' असे सांगणारे नातेवाईक शेजारीच उभे असतात.

खरा घाला पडला आहे तो हळदीवर. हळदीने पिवळे झालेले अंग हीच आपल्याकडे नवरीची ओळख होती. लग्नाला थोडेच दिवस झाले हे सांगायला 'अंगाची हळद अजून निघाली नाही' असे आपण म्हणतो. म्हणजे ती हळद दिसत असे, दिसावी अशीच अपेक्षा असे. कपाळभर कुंकवाचा मळवट भरलेली नवरीही कोणाला सुंदर दिसण्यासाठी तशी सजत नव्हती. आज ती नवरी आहे, एवढे ते कपाळ सांगे. आता हळद हा पिवळ्या कपड्यांचा स्वतंत्र कार्यक्रम झाला आहे. त्याचे फोटो वेगळे निघतात आणि लग्नाच्या सकाळी तीच हळद घासून काढली जाते, कारण पिवळ्या झाकेवर फाउंडेशन नीट बसत नाही. आणि हे कुठे, तर तुकोबांची पालखी दरसाल ज्या दौंड तालुक्यातल्या यवत-वरवंडला मुक्काम करून काळ्या विठोबाकडे जाते, तिथे!

कोणी म्हणेल, एक दिवसाची हौस आहे, प्राध्यापकांनी नाक खुपसू नये. आम्ही साधेपणाचा उपदेश करीत नाही; तो बायकांना पुष्कळ जणांनी करून झाला आहे. नटावे, हौसेने नटावे. आमची हरकत एवढीच, की नटल्यावर अल्बममधली मुलगी तिच्या आजीला ओळखता आली पाहिजे. शिवाय तो अल्बम धाकट्या बहिणीच्या हातात पडतो, आणि आपल्यात काय काय झाकायचे आहे हे तिला बारावीच्या आत कळते.

उपयोजित मराठीच्या तासाला आपण जाहिरातलेखन शिकवतोच. यंदा प्रश्न असा घालावा: सावळ्या वधूसाठी फोटोच्या दृष्टीने प्रसाधनाच्या सूचना लिहा, 'उजळ', 'दोष' आणि 'झाकणे' हे शब्द वापरू नयेत.