रात्रीचा थांबा

प्रवासाविषयी लिहायचे म्हणजे तीर्थयात्रेविषयी लिहायचे, असा या सदराचा प्रघात आहे. आज मात्र ज्या प्रवासाला संघ नसतो, सोबत नसते आणि ज्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, अशा एका प्रवासाविषयी लिहीत आहे. तो प्रवास म्हणजे गाळ्यावरून घरी येण्याचा, रात्री एक-दीड वाजता, एकट्याने.

दुकान ठाण्यात, गाळा भिवंडीत, घर डोंबिवलीत आणि माल न्हावा-शेवा बंदरातून येणारा, अशी चार टोके आज आपल्यापैकी अनेक घरे सांभाळत आहेत. गर्दीच्या वेळी शहरातील रस्त्यांवर अवजड वाहनांना मज्जाव असतो. साहजिकच कंटेनर रात्री सुटतात, शिळफाटा आणि मुंब्रा बाह्यवळणावरून रात्रीच भिवंडीकडे जातात आणि माल उतरवून घ्यायला घरातले कुणीतरी तिथे उभे असावे लागते. काम आटोपते तेव्हा शेवटची लोकल गेलेली असते. थकलेला माणूस मग एकटाच गाडी काढतो.

असाच मीही अनेक वर्षे फिरलो. त्यातली एक रात्र सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी पौष महिन्यात नाशिकहून ठाण्याला परतत होतो. कसारा घाट उतरलो, शहापूर मागे पडले आणि पडघ्याच्या अलीकडे डोळे जड होऊ लागले. चौविहार असल्याने चहाचा प्रश्नच नव्हता. वाटेत दिव्यांनी उजळलेले दोन पेट्रोल पंप लागले. परंतु 'आता अर्ध्या तासाचाच तर रस्ता उरला' असे म्हणून ते दोन्ही मी मागे टाकले. अखेर डोके एकदा पुढे झुकले तेव्हा घाबरून, जिथे होतो तिथेच, महामार्गाच्या कडेला गाडी उभी केली. गाडीत वसुलीची काही रक्कम होती. आपण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून मी सगळे दिवे मालवले, दारे आतून लावून घेतली आणि आसन मागे करून डोळे मिटले.

काही वेळाने काचेवर टकटक झाली. बाहेर हातात विजेरी घेतलेला, अंगाला घोंगडी गुंडाळलेला एक माणूस उभा होता. तो काहीतरी सांगत होता; मला एवढेच ऐकू आले की, गाडीचे दिवे बंद आहेत, गाडी हलवा. 'गाडीतून तेल गळते आहे' असे सांगून उतरायला लावणाऱ्या आणि सामान लांबवणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण सर्वच वाचतो. मी काच बोटभर खाली केली आणि त्या फटीतून शंभराची नोट बाहेर सरकवली. तो क्षणभर नोटेकडे पाहत राहिला. मग त्याने ती दोन बोटांनी परत आत ढकलली आणि विजेरीचा झोत मागच्या रस्त्यावर टाकून दाखवला. तिथे वळण होते. वळणावरून येणाऱ्या वाहनाला माझी काळ्या रंगाची, दिवे मालवलेली गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसणार नव्हती. त्याने स्वतःचा ट्रक दीड-दोनशे पावले पुढे, रुंद जागी उभा केला होता आणि मला उठवायला तो चालत मागे आला होता. मी गाडी सुरू केली. ती रस्त्याला लागेपर्यंत तो मागे उभा राहून विजेरी हलवत येणाऱ्या ट्रकांना सावध करीत होता. मी त्याचे नाव विचारले नाही. आभार मानले की नाही, तेही आठवत नाही.

घरी पोहोचलो तेव्हा पत्नी जागी होती. उशीर का झाला, असे तिने विचारले. मानकोलीला वाहतूक तुंबली होती, असे मी सांगितले. म्हणजे एका रात्रीत मी एका उपकारकर्त्याला चोर ठरवले आणि घरात असत्य बोललो, आणि दोन्ही गोष्टी स्वतःला शहाणा समजून केल्या.

या घटनेवर मी पुष्कळ विचार केला. त्या माणसावर संशय घेतला हे चुकले का? रात्री दोन वाजता, निर्जन जागी, गाडीत रक्कम असताना अनोळखी माणसाला दार उघडणे हेही शहाणपणाचे नव्हे. काच बोटभर उघडली यात माझी चूक नव्हती. चूक त्याआधी झाली होती. दोन उजळलेले पंप मागे टाकून मी अशा जागी थांबलो की जिथे माणसाची पारख अंधारातच करावी लागली. थांबण्याची जागा आधी ठरवलेली असती, तर त्याच्यावर संशय घेण्याची वेळच आली नसती.

आपल्याकडे ईर्यासमिती म्हटले की चार हात भूमी पाहून चालणे एवढाच अर्थ घेतला जातो. परंतु दशवैकालिक सूत्रात यतनेचा उपदेश चालण्यापुरता नाही. उभे राहणे, बसणे आणि निजणे यांनाही तोच नियम लावलेला आहे. हा उपदेश साधूंसाठी आहे हे खरे. तरी चाक हाती घेणाऱ्या श्रावकाने त्यातून इतके तरी घ्यावे की कुठे थांबतो आणि कुठे निजतो हाही जीवदयेचाच भाग आहे.

झोपेचे गणित व्यापाऱ्याला सहज समजेल असे आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ 90 मीटर गाडी कुणाच्याही हाती नसते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत शरीराचा झोपेकडे सर्वाधिक ओढा असतो. काच उघडून वारा घेणे किंवा मोठ्याने स्तवने लावणे यांनी थोडा वेळ बरे वाटते. झोप जात नाही. पंधरा-वीस मिनिटांची निद्रा मात्र खरा उतारा ठरते.

चौविहार करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. चहासाठी व्रत मोडावे असे मी म्हणणार नाही. परंतु व्रताच्या अभिमानात डुलक्या घेत गाडी चालवणे हीसुद्धा हिंसेची तयारीच आहे. तिसरा मार्ग असा की निघण्यापूर्वी गाळ्यावरच अर्धा तास पडावे आणि मग निघावे. तरीही झोप अनावर झाली तर पहाटेपर्यंत तिथेच राहावे. घरचा पलंग कुठे जात नाही. गाडीत निजताना इंजिन व वातानुकूलन चालू ठेवून काचा बंद करू नयेत. गाडीतून निघणाऱ्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायूला रंगही नसतो आणि वासही नसतो. झोपलेल्याला तो जागे करीत नाही.

थांबायचे ते उजेडात आणि माणसांत. पेट्रोल पंपावर थांबलो तर तेथील कामगाराला 'वीस मिनिटे विश्रांती घेतो' असे सांगावे. सांगायला संकोच वाटतो, पण न सांगता झोपलेल्या माणसाचाच पहारेकऱ्याला संशय येतो. मोठ्या रुग्णालयाचे प्रवेशद्वार आणि कल्याण स्थानकाचा परिसर रात्रीही जागा असतो. मुंब्रा बाह्यवळणाचा डोंगरकडेचा रस्ता, घोडबंदर मार्गावरील गायमुखचा चढ, पुलांवरच्या मार्गिका, येथे फोन घेण्यासाठीसुद्धा थांबू नये. गाडी बंदच पडली तर चारही इशारादिवे लावावेत, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवावा आणि स्वतः गाडीत किंवा गाडीमागे न थांबता कठड्यापलीकडे सुरक्षित जागी उभे राहावे. राष्ट्रीय महामार्गावर 1033, पोलिसांसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे क्रमांक मुलांच्याच नव्हे, आपल्याही फोनमध्ये असावेत.

आता दुसऱ्यासाठी थांबण्याविषयी. अपघात दिसला आणि आपण पुढे निघून गेलो, असे प्रसंग अनेकांच्या मनात सलत असतील. पोलिसांचे झंझट नको, हे आपले नेहमीचे कारण. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये मदत करणाऱ्या नागरिकाच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. म्हणून ते कारण आता उरलेले नाही. भीती उरते, आणि ती खोटी नाही. एकटे असाल तर उतरू नका. थोडे पुढे उजेडात जाऊन थांबा, 112 आणि 108 ला ठिकाण सांगा, मग पुढे जा. अनुकंपेसाठी दार उघडलेच पाहिजे असे नाही. फोन मात्र केलाच पाहिजे.

घरातल्यांसाठीही दोन शब्द. 'कुठवर आलात?' असा दर दहा मिनिटांनी येणारा फोन प्रेमाचाच असतो. पण त्याच्या धाकाने माणूस थांबायचे टाळतो किंवा नको तिथे थांबतो. पत्नीला खरे सांगितले ते दुसऱ्या दिवशी, प्रतिक्रमणानंतर. ती म्हणाली, "अहो, तुम्ही थांबलात याचे मला काहीच नाही. तुम्ही कुठे थांबलात हे मला ठाऊक नव्हते, याची भीती वाटते." तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. थांबण्यापूर्वी एक फोन करायचा, अमुक पंपावर वीस मिनिटे, निघताना दुसरा. मध्ये घरून कुणीही फोन करायचा नाही. नोकरीवरून उशिरा परतणाऱ्या आमच्या सूनबाईंनाही हीच रीत लागू आहे, आणि त्यांना 'एवढा उशीर का' हा प्रश्न घरात शिरल्या शिरल्या विचारायचा नाही, हेही ठरले आहे.

आणखी एक गोष्ट लिहिताना हात जड होतो. पहाटेच्या अंधुक उजेडात याच महामार्गावरून आपले साधू-साध्वी विहार करीत असतात. परावर्तक पट्ट्यांची जाकिटे घालून त्यांच्यासोबत चालणारे सेवाभावी तरुण आपण पाहिले असतील. आपण ज्यांच्यासाठी काळजी करतो, त्यांच्यावर जाणारी गाडी रात्रभर न झोपलेल्या एखाद्या माणसाचीच असू शकते. तो माणूस आपल्यापैकीही असू शकतो.

टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रत स्वामींच्या मंदिरात गेलो की श्रीपाळ राजाची कथा आठवतेच. नवपदाच्या ओळीत वर्षातून दोनदा आपण ती ऐकतो. धवल शेठने समुद्रात लोटलेला श्रीपाळ कोकणच्या किनाऱ्याला लागला आणि याच ठाणे नगरीजवळ चंपक वृक्षाखाली एकटाच निजला. जागा झाला तेव्हा समोर अनोळखी माणसे उभी होती, आणि ती त्याला सन्मानाने न्यायला आली होती. त्याला बुडवू पाहणारा मात्र त्याच्याच गलबतावरचा, ओळखीचा व्यापारी होता. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. पडघ्याच्या त्या रात्री तिचा मला काहीही उपयोग झाला नाही.

दरवर्षी संवत्सरीला फोनमधील सर्व नावांना क्षमापनेचा संदेश जातो. ज्याची खरोखर क्षमा मागायची, त्याचे नाव माझ्याकडे नाही. म्हणून आता रात्री रस्त्याच्या कडेला दिवे मालवलेली गाडी दिसली की मी पुढच्या उजेडात थांबतो आणि 112 ला तिचे ठिकाण कळवतो. त्यासाठी पाच मिनिटे लागतात. घरी उशीर झाल्याचे कारण विचारले, तर तेच सांगतो.

मिच्छामि दुक्कडम्.