खेळ अजून कच्चा आहे, तेव्हाच लिहून घ्या



चिपळूणच्या एका भगिनीने आम्हाला लिहिले आहे. मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. इशाची नमाज झाली की लॅपटॉप उघडून बसतो. विचारले तर म्हणतो, ‘अम्मी, गेम खेळत नाही, बनवतोय.’ चित्रे काढणारा दोस्त मालेगावात, आवाजाची बाजू पाहणारा दुबईत, तीही नोकरी सांभाळून. तिघे आजवर एका खोलीत बसलेले नाहीत. आठ महिने झाले, रुपया आलेला नाही. ‘हे काम तरी आहे का?’ असे भगिनी विचारतात.

काम आहे, आणि चिकाटीचे आहे. खेळात जुगार नाही, बेहयाई नाही, एवढे पाहिले की बाकी सुतारकामासारखाच हाही हुन्नर. (संगीताच्या मसल्यात आज शिरत नाही, त्यावर पाने पुरणार नाहीत.) मात्र सुरुवातीचे महिने घरच्यांना रिकामपणाचे वाटतात, कारण दाखवण्यासारखे काही नसते. शहाणी मुले आधी करड्या चौकोनी ठोकळ्यांचा एक ओबडधोबड नमुना बनवतात. ठोकळा उडी मारतो, दुसऱ्या ठोकळ्यावर आदळतो. यात पाच मिनिटे मजा आली तर पुढे जायचे, नाहीतर टाकून द्यायचे. रंगरूप मागाहून. उत्साही मुले नेमके उलट करतात. चाळीस टप्प्यांची कहाणी लिहितात, नायकाच्या पोशाखावर महिना घालवतात, आणि उडीच जमत नाही हे सहाव्या महिन्यात कळते.

साधनांचा खर्च आता अडसर नाही. गोडो नावाचे इंजिन फुकट आहे आणि विक्रीत वाटाही मागत नाही. कोणी कोणत्या दिवशी काय बदलले याची नोंद गिटमध्ये राहते. लांबलांब बसलेल्यांची ती वहीच म्हणा. आठवड्यातून एकदा तिघांनी त्या दिवशीचा चालता खेळ आपापल्या घरी उतरवून खेळावा, मग बोलावे. निव्वळ व्हॉट्सॲपवर चर्चा करणाऱ्यांचा खेळ व्हॉट्सॲपवरच राहतो.

आमची खरी काळजी वेगळी आहे. ती सांगण्याआधी एक घडलेला किस्सा.

नेदरलँड्सचे रामी इस्माईल या क्षेत्रातले नामवंत. वडील इजिप्तचे. खेळांमध्ये मुसलमानांना कसे दाखवले जाते यावर ते जाहीरपणे बोलत आले आहेत. २०१० साली यान विलेम नायमन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी व्लामबीर ही दोघांची कंपनी काढली आणि मासेमारीचा एक छोटा खेळ ब्राउझरवर आणला. आयफोनसाठी त्याची मोठी आवृत्ती करायला अमेरिकेतले दोघे सोबत आले: चित्रकार ग्रेग वोलवेंड आणि झॅक गेज. म्हणजे हाही समुद्रापलीकडून चाललेला चार जणांचा घाट. काम चालू असतानाच, २०११ मध्ये, दुसऱ्यांनी तसाच मासेमारीचा खेळ आयफोनवर आणून विकला. यांचा ‘रिडिक्युलस फिशिंग’ २०१३ च्या मार्चमध्ये आला. ॲपलने त्याला त्या वर्षीचा आयफोनवरचा सर्वोत्तम खेळ ठरवले, हा भाग गोड. पण मधली दोन वर्षे काय गेली असतील!

खेळाच्या कल्पनेची मालकी कायदा कोणालाच देत नाही. देतो ती काढलेल्या चित्राची, लिहिलेल्या कोडची, तयार केलेल्या आवाजाची. म्हणजे या तीन दोस्तांची मिळकत तेवढीच. आणि ती कोणाची? १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पगार किंवा मोबदला न घेता कोणी चित्र काढले तर ते काढणाऱ्याचे. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी दिलेला चालत नाही. इतकेच नव्हे, कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि कोणत्या देशांसाठी ते लिहिले नसेल तर फक्त भारतापुरते. खेळ तर जगभर विकायचा असतो.

मालेगावचा दोस्त दहाव्या महिन्यात नोकरी लागली म्हणून बाजूला झाला, तर त्याच्या चित्रांसह खेळ विकता येईल का? लेखी काही नसेल तर त्याच्या मर्जीवर. वाटणीचे काही ठरले नसेल तर १९३२ चा भागीदारी कायदा नफा सारखा वाटतो, तोटाही. मग दोन महिने राबलेला आणि दोन वर्षे जागलेला एका पंगतीत बसतात. भांडण तिथे पेटते. पैसे आले नाहीत तर दोस्ती कशीबशी तरते. थोडे आले की तुटते, हे आम्ही दुकानदारीतही पाहिले आहे.

‘आम्ही भावांसारखे आहोत, लिहायचे कशाला?’ असे मुले म्हणतात. सूरह अल-बकराची २८२ वी आयत उघडून त्यांच्यापुढे ठेवा. कुरआनातली ही सर्वांत लांब आयत उधारीच्या व्यवहाराची आहे: मुदत लिहा, लिहिणारा इन्साफाने लिहो, साक्षीदार घ्या, रक्कम लहान म्हणून कंटाळू नका. हा व्यवहार उधारीचा नाही हे खरे, पण दोस्ताची आठ महिन्यांची मेहनत दोस्ताकडे बाकी असते. ती अमानतच. भागीदारीत नफा ठरलेल्या प्रमाणात वाटावा, एकाला ठोक रक्कम बांधून देऊ नये, हा फिक्हचा नियमही मुलांना सांगा. भांडवल नाही, फक्त मेहनतीची भागीदारी, तिला हनफी फिक्ह जायज मानते. शाफई मजहबाचे मत वेगळे आहे. कोकणातले आपले बहुतेक वाचक शाफई आहेत, तेव्हा मुलांनी आपल्या आलिमांना विचारूनच करार कसा बांधायचा ते ठरवावे.

कागद दोन पानांचा पुरे. कोणाचा वाटा किती आणि तो किती महिन्यांच्या कामानंतर पक्का होणार. मध्येच गेला तर किती हाती राहणार. चित्रे, कोड, आवाज कोणाच्या नावावर, किती मुदतीसाठी, कोणत्या देशांसाठी. अडले तर शेवटचा शब्द कोणाचा; तिघे तीन शहरांत असताना हे नसेल तर प्रत्येक निर्णय आठवडाभर लोंबकळतो. वकिलाची फी जड वाटली तरी एकदा दाखवून घ्याच. आणि अम्मी-अब्बू, तुम्ही साक्षीदार म्हणून सही करा. निदान मुलगा दार लावून काय करतो ते तरी कळेल.

एक बाब मुले हमखास विसरतात. खेळ विकायचे खाते एकाच्या नावाने उघडते आणि पैसे त्याच्याच बँकेत येतात. स्टीमवर खेळ ठेवायला शंभर डॉलर भरावे लागतात. विक्री हजार डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. ही फी कोणी भरायची, परत आली की कोणाची, खात्याचा पासवर्ड आणखी कोणाकडे राहील आणि हिशेब दर महिन्याच्या कोणत्या तारखेला बाकी दोघांना जाईल, हेही त्याच दोन पानांत बसवा.