गोळी गिळली, पुढे काय?

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पावर माडिया आदिवासींचा विश्वास बसला तो भाषणांनी नव्हे. १९७३च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी काम सुरू केलं, पण सुरुवातीला लोक डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांकडे फिरकायला बिचकत. भयंकर भाजलेला मिरगीचा एक मुलगा तिथे बरा झाला, तशी लोकांची भीड चेपत गेली.

भाजलेलं डोळ्यांना दिसतं. मिरगीचं औषध रक्तात किती उरलंय ते दिसत नाही. फेनिटॉइन स्वस्त आणि जुनं, पण भारी लहरी. मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम, एवढ्याच पट्ट्यात त्याचं काम. औषध निकामी करणारी यकृताची ताकद संपली, की डोस जरासा वाढवला तरी पातळी भलतीच चढते. डोळे थरथरतात, पाय लटपटतात. अशा माडियाला पाहून बाहेरचा साहेब काय म्हणेल? मोहाची घेतली असेल! फिट्स थांबल्या नाहीत, तर गोळ्याच घेतल्या नसतील, हा ठपकाही तयार.

खरं-खोटं क्रोमॅटोग्राफी करते. सकाळच्या गोळीआधी रक्त काढून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर आलेल्या पिवळसर प्लाझ्मात मिथेनॉल घातलं, की दूध फाटावं तशी प्रथिनं तळाशी बसतात. वरची निवळ बारीक पोलादी कॉलममधून दाबाने सोडली, की प्रत्येक रेणू आपल्या ठरल्या मिनिटाला बाहेर पडतो. फेनिटॉइनच्या मिनिटाला पडद्यावर शिखर केवढं उठलं, त्यावरून आकडा निघतो. मुंबईच्या केईएममध्ये ही तपासणी कित्येक वर्षं होते आहे.

आकड्यावरही डोळे झाकून भिस्त नको. कुपोषित माणसाच्या रक्तात औषधाला बांधून ठेवणारं अल्ब्युमिन कमी, म्हणून मोकळं औषध जास्त. कागदावर १५, आणि रोगी लटपटतोच!

यंत्र हेमलकशातच बसवा, असं मी म्हणणार नाही. फीत कापायला सगळे येतात, कॉलम बदलायला कुणी येत नाही. नमुना बाहेर पाठवायचा, तर पर्लकोटा नदीला पूर आला की शेजारच्या भामरागडचा संपर्कच तुटतो. थंड पेटीतल्या प्लाझ्माचं तेव्हा काय होणार? बोटातला रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवला तर टपालानेही जातो. मात्र पंडुरोग्याचं पातळ रक्त कागदावर जास्त पसरतं, ठरल्या मापाच्या तुकड्यात औषध कमी भरतं. सिकलसेलच्या या पट्ट्यात ही चूक रोजचीच ठरेल. तेव्हा आधी इथल्याच रोग्यांची शिरेतल्या रक्ताची आणि थेंबाची पातळी शेजारी शेजारी मोजून दुरुस्तीचं गणित बसवायला हवं. पावसाळ्याआधी ते सुरू करता येईल, आणि त्याला नवी इमारतही लागत नाही.