प्रयोगवहीत न लिहिलेली ओळ

१९५१ साली लखनौच्या गोमतीकाठी, छत्तर मंझिल या नवाबी वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली. अशा संस्थांतील रसायनशास्त्रज्ञ प्रयोगवहीत द्रावक कोणता, तापमान किती, ढवळण्याचा वेळ किती, हे सारे निष्ठेने लिहीत आले आहेत. आज औषधशोधाचा मोठा भाग संगणकावर होतो. मात्र ज्या सॉफ्टवेअरवर तो होतो, ते बसवताना इन्स्टॉलर स्क्रिप्टला कमांड लाइनवर कोणते पर्याय दिले, याची नोंद वहीत अनेकदा सापडत नाही. माझ्या मते ही किरकोळ त्रुटी नव्हे. ते पर्याय हा प्रयोगपद्धतीचाच भाग आहे.

उदाहरण घेऊ. रेणूंच्या हालचालींचे गणन करणारे ग्रोमॅक्स हे सॉफ्टवेअर काही सांगितले नाही, तर मिश्र अचूकतेने बांधले जाते. बहुतेक कामांना ती पुरते. पण रेणूच्या नैसर्गिक कंपनांच्या विश्लेषणासाठी दुहेरी अचूकता लागते आणि त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. समजा, विद्यार्थ्याने त्या पर्यायाच्या नावात एक अक्षर चुकवले. बांधणी करणारे सीमेक थांबत नाही. आपण दिलेला एक पर्याय वापरला गेला नाही, अशी सूचना ते शेकडो ओळींच्या शेवटी देते आणि पुढे जाते. इन्स्टॉलेशन ‘यशस्वी’ होते; फक्त हवे ते बसलेले नसते.

हा एकट्या सीमेकचा दोष नाही. ऑटोकॉन्फने तयार केलेली कॉन्फिगर स्क्रिप्टही ‘विथ’ किंवा ‘एनेबल’ने सुरू होणारा अनोळखी पर्याय केवळ सूचना देऊन सोडून देते. यामागे कारण आहे: एका पॅकेजच्या पोटात अनेक पॅकेजे असतात, सर्वांना तेच पर्याय पोचतात आणि प्रत्येकाला प्रत्येक पर्याय ठाऊक असतोच असे नाही. अशी सूचना मिळताच स्क्रिप्टने थांबावे, असे सांगणारा पर्यायही तिथे आहे. तो वापरणारे विरळाच.

म्हणूनच मला वाटते, काम अडवणारी चूक आपली हितचिंतक असते. घात करते ती मुकाट्याने खपून जाणारी. पण आपण अडवणाऱ्या चुकीवरच चिडतो. ‘परवानगी नाही’ असे उत्तर आले, की आज्ञेमागे ‘सुडो’ लावून मोकळे होतो. खरे तर सामायिक संगणकावर ‘प्रीफिक्स’ या पर्यायाने स्वतःच्या फोल्डरची वाट दाखवली, तर वरच्या अधिकारांची गरजच बहुधा उरत नाही. त्या अधिकारांची किंमत २०११ साली बम्बलबी या लिनक्स प्रकल्पाच्या वापरकर्त्यांनी मोजली. त्याच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमधील पुसण्याच्या आज्ञेत एक जागा चुकून मोकळी सुटली आणि एका छोट्या फोल्डरऐवजी ‘यूएसआर’ ही संपूर्ण निर्देशिकाच पुसली जाऊ लागली.

प्रबंधाची मुदत तोंडावर असताना एवढे कोण पाहणार, हा आक्षेप मला मान्य आहे. पण सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारल्यावर तेच आकडे पुन्हा आणता आले नाहीत, तर जाणारा वेळ याहून कितीतरी मोठा असतो.

शिवाय करायचे फार थोडे आहे. संकेतस्थळावरून किंवा पीडीएफमधून आज्ञा उचलली असेल, तर दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ झाली नाही ना, हे आधी पाहावे. डोळ्यांना ती सारखीच दिसते, संगणकाला नाही. ‘हेल्प’ने मिळणारी यादी वाचून पर्यायाचे नाव पडताळावे. स्क्रिप्टने छापलेल्या सर्व ओळी फाइलमध्ये साठवून त्यांत ‘वॉर्निंग’ हा शब्द शोधावा. शेवटी बसलेल्या सॉफ्टवेअरलाच विचारावे: ग्रोमॅक्सला ‘व्हर्जन’ विचारले, की आपली अचूकता कोणती ते तो सांगतो.

आणि मग ती संपूर्ण आज्ञा, तारखेसह, प्रयोगवहीत उतरवावी. मार्गदर्शकांनीही वही तपासताना द्रावकाइतक्याच काटेकोरपणे ती ओळ मागावी.