पांढरा तो बगळा, पण कोणता?

रोपलावणीचे दिवस आले की शाहूवाडीच्या भातखाचरांत बगळे हजर होतात. आम्ही कचेरीला जाताना एस.टी.च्या खिडकीतून ते रोज पाहतो. परवा शेजारच्या मुलीने विचारले, "काका, कुणाची चोच पिवळी, कुणाची काळी, असं का?" आम्हाला सांगता येईना. मग चार दिवस बांधावर उभे राहून नीट पाहिले, थोडे वाचले.

गुरांच्या, नांगराच्या मागे फिरतो तो गायबगळा. चोच पिवळी. गुरांच्या पायांनी उडालेले नाकतोडे तो टिपतो. पावसाळ्यात, विणीच्या वेळी त्याचे डोके, मान व पाठ केशरी होते. काळी चोच, काळे पाय, पण बोटे पिवळी, तो लहान बगळा. पाण्यात पाय हलवून तो दडलेले मासे उठवतो. मध्यम आणि मोठा बगळा यांची बोटेही काळी. मोठ्याच्या तोंडाची चीर डोळ्याच्या मागे जाते, मध्यमची डोळ्याखाली थांबते. दोघांचीही पिवळी चोच विणीच्या वेळी काळी होते. म्हणून नुसत्या चोचीवर जाऊ नये, पायही पाहावेत.

जातककथेतल्या लबाड बगळ्याला खेकड्याने अद्दल घडवली. पण ती गोष्ट माणसाच्या लबाडीची आहे. खरा बगळा पाण्यात ताटकळतो तो पोटासाठी, आपल्यासारखाच. ढोंगी ठरवून त्याला दगड मारणे बरे नव्हे.

माणसाने मात्र त्याचा जीव हौसेसाठी घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर त्याच्या विणीच्या काळातले नाजूक तुरे मिरवत. त्यासाठी घरट्यावरचे पक्षी मारले जात आणि मागे पिल्ले उपाशी मरत. हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीला १९०२ साली बंदी झाली. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र बगळ्यांवर आहे.

आमच्या गल्लीतल्या झाडावरही त्यांची घरटी आहेत. खाली घाण पडते, वास येतो, हे खरे. फांद्या तोडायची बोलणी झाली तेव्हा आम्ही एवढेच म्हणालो, "पिल्ले उडेपर्यंत थांबा. पावसाळ्यात कुणाचे घर मोडले तर काय होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको."

मंडळी थांबली. आता ती मुलगी रोज घरटी मोजते.