दाखल्यानंतरची नोंद

दिवाळीची सुट्टी जवळ आली की माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांची निमंत्रणं येऊ लागतात. त्यातले निवासी शाळांचे मेळावे मला विशेष आवडतात. गावातल्या शाळेत शिकणारी मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. वसतिगृहातल्या मुलांनी मात्र एकमेकांचे ताप काढलेले असतात, पांघरुणात तोंड खुपसून रडणं ऐकलेलं असतं, रविवारी कुणाचे वडील भेटायला आले नाहीत हेही पाहिलेलं असतं. म्हणून पन्नाशीची माणसंसुद्धा तिथे टोपणनावांनी हाका मारतात आणि जुने रेक्टर दिसले की सावरून उभी राहतात. मग सूत्रसंचालक यादी वाचू लागतात. कोण कलेक्टर झालं, कोण कर्नल, कोण परदेशात स्थायिक झालं, कुणी कारखाना काढला. टाळ्या पडतात आणि त्या पडायलाच हव्यात. माझी तक्रार त्या यादीबद्दल नाही, ती फार लवकर संपते याबद्दल आहे. आणि त्याचा तोटा सोसतात ती मुलं, जी आज त्याच शाळेत शिकत आहेत.

साताऱ्याचं सैनिक स्कूल घ्या. २३ जून १९६१ रोजी सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा. सैन्यदलांना अधिकारी द्यायचे, याच हेतूने ती निघाली. त्यामुळे तिची यादी हाच तिचा ताळेबंद असतो. हवाई दलाचे प्रमुख झालेले प्रदीप नाईक तिथले. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिकही तिथलेच. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्यात दहशतवाद्यांशी लढताना ते हुतात्मा झाले. त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं आणि दोन वर्षांच्या आत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक प्रशिक्षण पूर्ण करून लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. अशी नावं शाळेने अभिमानाने भिंतीवर लिहावीत. तिथे मला काही सुचवायचं नाही.

त्याच साताऱ्यात त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षं दुसऱ्या तऱ्हेची यादी तयार होऊ लागली होती. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली आणि तिथे सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग सुरू केलं. गांधीजींनी १९२७ साली या बोर्डिंगला भेट दिली तेव्हा एका पंगतीत जेवणारी ही मुलं त्यांनी पाहिली. मुलं भाऊरावांना अण्णा म्हणत आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना वहिनी. पोरांच्या पोटासाठी वहिनींनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. या बोर्डिंगची यादी सांगायची तर बॅरिस्टर पी. जी. पाटलांचं नाव पहिलं येतं. गरिबाघरचा हा मुलगा भाऊरावांच्या छायेत वाढला, विलायतेतून बॅरिस्टर होऊन आला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

पण बॅरिस्टरसाहेबांच्या नावावर रयतची यादी थांबवली तर त्या बोर्डिंगचं खरं काम दिसतच नाही. तिथून शिकून बाहेर पडलेली कितीतरी मुलं पुन्हा संस्थेतच आली आणि मास्तर होऊन आडगावांत गेली. कुठे देवळात, कुठे धर्मशाळेत, कुठे कुणा शेतकऱ्याच्या पडवीत शाखा उघडली आणि गावातून धान्य गोळा करून वसतिगृह चालवलं. हायस्कूलच्या सुरुवातीच्या दिवसांत अशा शिक्षकांचा पगार किती थकत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. ही माणसं कुठल्याही गौरवफलकावर नसतात. तरीही पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या त्या यांच्यामुळे. माजी विद्यार्थ्याचं यश कशाला म्हणायचं हे ठरवताना मला आधी हे मास्तर आठवतात.

आता वळतो आश्रमशाळांकडे, कारण आजचा माझा विषय खरा तोच आहे. आदिवासी विकास विभागाच्या सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा राज्यात आहेत आणि संस्थांनी चालवलेल्या अनुदानित आश्रमशाळा त्याहून थोड्या जास्त. पालघर, नाशिक, नंदुरबारपासून मेळघाट आणि गडचिरोलीपर्यंत त्या पसरल्या आहेत. पहिलीला आलेलं मूल दहावीपर्यंत वर्षातले नऊ-दहा महिने तिथेच राहतं. जेवण, आजारपण, केस कापणं, गणवेश, सगळं शाळाच बघते. म्हणजे ज्या वयात घर माणसाला घडवतं त्या वयात सरकार त्या मुलाचं घर झालेलं असतं. अशा मुलाचं पुढे काय झालं, हे त्या घराला ठाऊक असायला नको का?

ठाऊक नसतं. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असतं. मुलाचं नाव, जात, जन्मस्थळ, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, प्रवेशाची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण आणि शेवटी शेरा. नातवंडांच्या जातपडताळणीसाठीसुद्धा लोक हे रजिस्टर शोधत येतात, इतकं ते जपलेलं असतं. पण त्यातली मुलाची ओळ शाळा सोडल्याच्या तारखेला संपते. पुढचा कुठलाही रकाना त्यात नाही. महाविद्यालयांना नॅकच्या मूल्यांकनासाठी विद्यार्थी पुढे कुठे शिकले, कुठे नोकरीला लागले आणि माजी विद्यार्थ्यांशी संबंध कसा आहे, हे पुराव्यासह दाखवावं लागतं. दहा वर्षं मूल सांभाळणाऱ्या आश्रमशाळेला मात्र हा प्रश्न कुणीच विचारत नाही. दहावीचा निकाल किती टक्के लागला एवढं विचारलं जातं आणि तिथे खातं मोकळं होतं.

मग यशाची बातमी येते तीच बाहेरून आणि एकदम एव्हरेस्टवरून. मे २०१८मध्ये आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’ मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी जगातल्या सर्वोच्च शिखरावर पोचले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम. जिवती, राजुऱ्याकडच्या या मुलांनी त्याआधी बर्फसुद्धा पाहिलेला नसणार. ही कामगिरी केवढी मोठी आहे हे वेगळं सांगायला नको. पण त्या वर्षी याच आश्रमशाळांतून दहावी झालेली बाकीची मुलं आज पंचविशीच्या आसपास आहेत. त्यांच्यातले आयटीआयला किती गेले, मुली नर्सिंगला किती गेल्या, अठराव्या वर्षाआधी किती जणींची लग्नं झाली, किती जण मिरची तोडायला तेलंगणात जातात, पोलीस भरतीच्या मैदानावर किती उतरले? याचं उत्तर जिल्ह्याच्या कुठल्याही कार्यालयात एका जागी मिळणार नाही.

इथे नवोदय विद्यालयांचं उदाहरण हटकून दिलं जातं. नवोदयची मुलं बघा, कुठे कुठे पोचली. पोचली आहेतच. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली. आज ती साडेसहाशेच्या वर आहेत आणि त्यांच्या माजी विद्यार्थ्यांचं जाळं देशभर आहे. साक्री तालुक्यातल्या सामोड्याचे डॉ. राजेंद्र भारूड यांची गोष्ट तर शाळाशाळांत सांगितली जाते. जन्माआधीच वडील गेले, आईने मोहाची दारू विकून पोरं वाढवली. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नवोदयला गेला, डॉक्टर झाला, मग सनदी अधिकारी. करोनाच्या दुसऱ्या लाटेत देश प्राणवायूसाठी तडफडत असताना नंदुरबारचे जिल्हाधिकारी म्हणून त्यांनी आधीच उभारून ठेवलेले प्राणवायू प्रकल्प कामी आले. ही गोष्ट सांगताना आपण अधिकारीपदावर थांबतो. मला तिच्यातला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो गावच्या शाळेतल्या गुरुजींचा. हे पोर हुशार आहे, याला पुढे पाठवा, असं त्यांनी त्या माउलीला सांगितलं.

शिवाय नवोदयात सहावीला परीक्षा घेऊन निवडक मुलं घेतात, एका विद्यालयात ऐंशीपर्यंत. आश्रमशाळेच्या दारात परीक्षा नाही आणि ती कधी नसावीही. घरात पहिल्यांदाच पाटी धरणारं, गोंडी, कोरकू किंवा भिली बोलणारं, मराठीसुद्धा शाळेतच शिकणारं मूल तिथे येतं. या दोन शाळांच्या यशाच्या याद्या शेजारी ठेवून आश्रमशाळेला नापास करणं अन्यायाचं आहे. आश्रमशाळेतून निघालेली मुलगी एएनएम होऊन आपल्याच तालुक्याच्या उपकेंद्रात बाळंतपणं करत असेल, तर ती त्या शाळेची कलेक्टरइतकीच मोठी कमाई आहे. वनरक्षक झालेला मुलगा, वायरमन झालेला मुलगा, ग्रामसभेत उभं राहून वनहक्काचा दावा वाचून दाखवणारी बाई, यांची नावं त्या शाळेत लिहिली गेली पाहिजेत. चौथीतल्या मुलाला कलेक्टर लांबचा वाटतो. शेजारच्या पाड्यावरची नर्स त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

ज्यांचं नीट झालं नाही त्यांचीही नोंद हवी, आणि हे मी जास्त आग्रहाने सांगतो. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंची कारणं शोधायला २०१६ साली डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसवावी लागली. मूल शाळेच्या छपराखाली गेलं तर निदान आज प्रश्न विचारले जातात. मूल दहावी नापास होऊन घरी गेलं आणि वीटभट्टीवर लागलं, तर शाळेच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं. वर्गात सतत मागे पडणारं मूल बाहेर पडल्यावर कुठे अडकतं हे कळल्याशिवाय शाळा आपलं काय दुरुस्त करणार? नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत आदिवासी मुलं पाठवून सरकार त्यांची फी भरतं. त्या खर्चाचा हिशेब लागतो, मुलांचा लागत नाही.

मुख्याध्यापक लगेच म्हणतील, आणि रास्तच म्हणतील, की ऑनलाइन माहिती भरता भरता शिकवायला वेळ उरत नाही, त्यात हे कुठे? म्हणून हे काम शिक्षकांच्या गळ्यात घालू नये. प्रत्येक बॅचचा व्हॉट्सॅप ग्रुप असतोच. कोण कुठे आहे ते त्या पोरांना बिनचूक माहीत असतं. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाने दर बॅचमागे दोन माजी विद्यार्थ्यांना, एक मुलगा आणि एक मुलगी, थोडं मानधन देऊन हे काम सोपवावं. दहावीनंतर पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी विचारपूस करावी. प्रश्न चारच पुरेत: कुठे आहेस, काय करतोस, तब्येत कशी आहे, आणि शाळेने कुठली गोष्ट शिकवायला हवी होती. चौथ्या प्रश्नाची उत्तरं दर जूनमध्ये शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत वाचली जावीत. माणसाच्या संमतीशिवाय त्याचं नाव फलकावर जाऊ नये आणि या नोंदींवरून शाळांचे क्रमांक कुणी लावू नयेत. क्रमांक लागले की नोंदी खोट्या होतील.

सुरुवातीला नवी यंत्रणाही लागणार नाही. निकालानंतर मूल दाखला न्यायला येतं त्या दिवशी लिपिकाने एक घरचा आणि एक नातेवाइकाचा असे दोन मोबाइल नंबर आणि पुढे कुठे जाणार याची एक ओळ लिहून घ्यावी. आदिवासी विकास विभागाच्या चारही अपर आयुक्तांनी मनावर घेतलं तर येत्या जूनचे दाखले वाटताना हे सुरू होऊ शकतं.